बोल्ट किती आवळावा ?

आपलें राजूर हें कोळशाच्या खाणींचें आणि चुन्याच्या भट्ट्यांचें गांव. शाळेस येतांना टिप्पर, मालमोटारी आणि मोटारसायकली यांची रांग तुम्ही रोज पाहतां. वणीच्या वाटेवर दुरुस्तीचीं दुकानें लागतात. तेथें एखादें एंजिन उघडून गोणपाटावर मांडलेलें असतें, आणि तुमच्याहून थोडे मोठे असे दोन-तीन तरुण हातांत पाने घेऊन त्याभोंवतीं बसलेले दिसतात. त्यांतील कांहीं याच शाळेच्या बांकांवर बसून गेले आहेत, आणि तुमच्यांपैकींही कित्येक जण पुढें याच विद्येकडे वळतील. म्हणून आज मी एक लहानसा प्रश्न तुमच्यापुढें ठेवितों : बोल्ट किती आवळावा ?

‘हलेनासा होईपर्यंत,’ असें उत्तर कोणीही देईल. तें उत्तर चुकीचें आहे. तें चुकीचें कां, हें मला स्वतःस एका रात्रीं भर रस्त्यावर कळलें.

माझ्या जुन्या मोटारगाडीच्या सिलिंडर-हेडचें पॅकिंग खराब झालें होतें. माझाच एक जुना विद्यार्थी हें काम शिकत होता. त्यास मीं तें करावयास सांगितलें. नवें पॅकिंग व बोल्ट मूळ कारखान्याचे नव्हते; बाजारांत स्वस्तांत मिळाले तेच आम्हीं आणले. पान्याच्या दांड्यांत हातभर लोखंडी नळी घालून त्यानें सर्व शक्तीनें बोल्ट आवळले. ‘सर, आतां दहा वर्षें पाहायला नको,’ असें तो म्हणाला. मीही शेजारीं उभा राहून त्याच्या जोराचें कौतुक केलें.

बारा दिवसांनीं शेजारच्या एका वृद्ध बाई रात्रीं अकस्मात् आजारी पडल्या. त्यांस व त्यांच्या मुलास गाडींत घेऊन मी यवतमाळच्या वाटेस लागलों. अर्ध्या वाटेवर उष्णतेचा कांटा वर चढला, पुढून पांढरी वाफ निघूं लागली आणि एंजिन बंद पडलें. अंधारांत एका मालमोटारीनें थांबून त्यांस पुढें नेईपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. त्या वांचल्या. परंतु त्या तासांत त्यांच्या मुलानें मला दोनदां विचारलें, ‘सर, गाडी नुकतीच दुरुस्त केली होती ना ?’ त्यास मी कांहीं उत्तर देऊं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी आपण होऊन घरीं आला. ‘सर, दोन बोल्टांचे आटे त्याच दिवशीं गेले होते. ते जागच्या जागीं फिरूं लागले. मीं मसाला लावून ते तसेच बसविले. तुम्हांस सांगण्याचें धैर्य झालें नाहीं.’

मी रागावणार होतों; पण मला माझाच वर्ग आठवला. तरफेचा नियम आठवींत मींच त्यास शिकविला होता : दांडा जितका लांब, तितकें काम सोपें. नळी लावून त्यानें तो नियम अक्षरशः पाळला होता. बळ वाढवावें कसें तें मीं शिकविलें. तें थांबवावें कोठें, तें शिकविलें नाहीं. तो राहून गेलेला पाठ आज येथें देत आहें.

१. बोल्ट धरतो तो कशाच्या बळावर ?

बैलबंडीच्या चाकास धाव बसवितांना तुमच्यांपैकीं कांहींनीं पाहिलें असेल; नसल्यास आजोबांस विचारा. धावेचें कडें चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान ठेवितात. तें जाळांत तापवून फुगवितात, लांकडी चाकावर ठोकून बसवितात आणि वर पाणी ओततात. लोखंड थंड होऊन आखडूं पाहतें. परंतु मध्यें लांकूड असल्यामुळें त्यास पुरतें आखडतां येत नाहीं. तें ताणलेलेंच राहतें, आणि त्या ताणामुळें चाकाचे सर्व तुकडे एकमेकांवर दाबून राहतात.

बोल्टाचेंही असेंच आहे. बोल्ट म्हणजे भोंकांत ठोकलेली खुंटी नव्हे. ती एक अतिशय ताठ कमान आहे. आपण त्याचें डोकें फिरवितों तेव्हां तो लांबतो, आणि पूर्ववत् होण्याच्या त्याच्या ओढीनें दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. ताण आणि लांबणें हीं एका प्रमाणांत वाढतात, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनीं १६७८ सालीं प्रसिद्ध केला. तुम्ही तो ताणकांट्यावर प्रयोग करून पाहिला आहे.

आतां आंकडे पाहूं. १० मि. मी. जाडीचा, डोक्यावर ८.८ अशी खूण असलेला बोल्ट घ्या. तो कोरड्या आट्यांवर ५० न्यूटन-मीटर इतक्या पिळानें आवळला, तर त्यांत सुमारें अडीच टनांचा ताण उत्पन्न होतो. बोटाएवढ्या पोलादावर दोन लहान मोटारगाड्या टांगाव्या, तसा हा भार आहे. या भारानें १०० मि. मी. लांबीचा बोल्ट सुमारें एक-पंचमांश मि. मी. लांबतो. डोळ्यांस हा फरक दिसत नाहीं. पण सारें काम तोच करतो.

डोक्यावरील ८.८ या खुणेचा अर्थही समजून घ्या. पहिल्या आंकड्यास १०० नें गुणिलें म्हणजे ८०० येतात; दर चौरस मि. मी. ला इतक्या न्यूटनांचा ताण त्या पोलादानें तुटण्यापूर्वीं सोसला पाहिजे. दुसरा आंकडा सांगतो कीं, त्याच्या आठ-दशांशावर, म्हणजे ६४० वर, तें कायमचें लांबूं लागतें. या मर्यादेच्या आंत बोल्ट सोडला तर तो मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली कीं तो पुन्हां आखडत नाहीं. आणि त्याहून पुढें गेल्यास तुटतो. ॲल्युमिनियमच्या भागांत तर बोल्ट तुटण्यापूर्वीं भोंकांतील मऊ आटेच निघून येतात. आमच्या गाडींत तेंच झालें.

२. सैल बोल्ट आधीं कां तुटतो ?

‘मग थोडा सैलच ठेवावा,’ असें कोणी म्हणेल. तेंही घातक आहे. ७० मि. मी. व्यासाच्या सिलिंडरचें क्षेत्रफळ सुमारें ३८.५ चौरस सें. मी. भरतें. पेट्रोलच्या एंजिनांत स्फोटाच्या वेळीं दाब दर चौरस सें. मी. ला ५० किलोपर्यंत सहज जातो. म्हणजे हेड वर उचलूं पाहणारें बळ १,९०० किलोंच्या घरांत जातें. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या चार-ठोकी एंजिनांत प्रत्येक सिलिंडरमध्यें असे धक्के सेकंदास २५ बसतात.

बोल्टांची एकंदर पकड या बळाहून पुष्कळ अधिक असेल, तर प्रत्येक धक्क्यानें हेड व ब्लॉक यांमधील दाब तेवढा कमी-जास्त होतो. बोल्टाच्या ताणांत फारसा फरक पडत नाहीं. उलट बोल्ट सैल असला, तर सांधा दर धक्क्यास किंचित् उघडतो व संपूर्ण हिसका बोल्टावर येतो. तार पुनः पुन्हां वांकविली म्हणजे जशी तुटते, तसा तो बोल्ट कांहीं दिवसांनीं थकून तुटतो. तोंपर्यंत पॅकिंग जळालेलें असतें, हें निराळेंच. तात्पर्य, कमी आवळणें आणि अधिक आवळणें या दोन्ही सारख्याच चुका आहेत.

३. पीळ आणि ताण एक नव्हेत

आपणांस हवा असतो ताण. मोजतां येतो तो पीळ, ज्यास कारागीर टॉर्क म्हणतात. या दोहोंच्या मध्यें घर्षण बसलेलें आहे. पिळासाठीं खर्च केलेल्या रुपयांतून सुमारें पन्नास पैसे बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणांत जातात, चाळीस पैसे आट्यांच्या घर्षणांत जातात, आणि ताणाच्या वांट्यास जेमतेम दहा पैसे येतात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, कोरड्या आट्यांसाठीं सांगितलेला पीळ तेल लावलेल्या आट्यांस दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळें ताण सुमारें एक-तृतीयांशानेंही वाढूं शकतो. अडीच टनांच्या ठिकाणीं सव्वा तीन टन होतात, आणि बोल्ट आपल्या मर्यादेशीं जाऊन भिडतो. म्हणून पुस्तकांत ‘कोरडा’ म्हटलें असेल तर कोरडा, व ‘तेल लावून’ म्हटलें असेल तर तेल लावून, असेंच करावें.

दुसरी गोष्ट आपल्या गांवीं विशेष महत्त्वाची आहे. येथें काळी धूळ सर्वत्र बसते. धूळ अगर गंज आट्यांत राहिला, तर पीळ पुरा भरतो आणि ताण अपुरा राहतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशानें व रॉकेलनें स्वच्छ करून पुसून घ्यावे, आणि बोल्ट प्रथम बोटांनींच शेवटपर्यंत फिरवून पाहावा. बोटांनीं फिरत नसेल, तर पाना लावण्यापूर्वीं कारण शोधावें. बंद तळाच्या भोंकांत तेल किंवा पाणी सांचूं देऊं नये. द्रव दबत नाहीं. बोल्ट खालीं जातांच त्याच्या दाबानें ब्लॉकला तडा जाण्याचा संभव असतो.

४. बाजारचा भाग बसवितांना

मूळ कारखान्याबाहेर तयार झालेला भाग वाईटच असतो असें नाहीं. परंतु पुस्तकांतील पिळाचा आंकडा मूळ बोल्ट, मूळ वायसर व मूळ पॅकिंग यांसाठीं ठरविलेला असतो. यांतील एक वस्तु बदलली, तर नव्या भागासोबत आलेला कागद आधीं वाचावा. नंतर पुढील गोष्टी तपासाव्या.

आटे जुळतात काय ? एके काळीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यांनीं इंग्लंडांत आट्यांचें एक प्रमाण सुचविलें. आजही मिलिमीटरचे व इंचांचे असे दोन कुळांचे आटे भेटतात. महिंद्र कंपनीनें १९४७ मध्यें मुंबईस अमेरिकन विलीस जीप जोडण्यास आरंभ केला. त्या घराण्याच्या जुन्या जीपांत इंचांचे आटे सांपडतात. पांच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मि. मी.; तो बोल्ट ८ मि. मी. च्या भोंकांत दोन-तीन फेरे सुखानें जातो आणि मग अडकतो. तेथें जोर केला कीं आटे गेलेच. एकाच जाडीच्या बोल्टांतही भेद असतो : १० मि. मी. चा बोल्ट १.५ मि. मी. अंतराच्या आट्यांचा मिळतो, तसाच १.२५ चाही मिळतो.

लांबी बरोबर आहे काय ? अधिक लांब बोल्ट तळास टेकतो. पाना ‘आवळला’ म्हणून सांगतो, पण भाग सैलच राहतो. आंखूड बोल्टास पुरेसे आटे मिळत नाहींत. आणि डोक्यावर ताकदीची खूण आहे काय ? जेथें ८.८ किंवा १०.९ सांगितला आहे, तेथें खूण नसलेला बोल्ट कधींही घालूं नये.

शेवटीं, बोल्ट पुन्हां वापरावयाचा आहे काय ? अनेक आधुनिक एंजिनांत हेडचे बोल्ट थोड्या पिळानें आवळून मग ९० अंश अशा नेमलेल्या कोनांतून फिरवितात. ते मुद्दाम मर्यादेपर्यंत ताणलेले असतात. उत्पादकानें एकदांच वापरा म्हटलें असेल, तर काढलेला बोल्ट पुन्हां बसवूं नये. त्यांत वांचणारे पैसे पुढें फार महाग पडतात.

नजरेच्या अंदाजावर विसंबल्यानें काय होतें, याचें एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालेल्या एका ब्रिटिश प्रवासी विमानाची वैमानिकापुढील कांच सुमारें १७,००० फुटांवर निखळून उडाली. मुख्य वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनीं त्याचे पाय घट्ट धरून ठेविले, आणि सहवैमानिकानें विमान साउदॅम्प्टन येथें सुखरूप उतरविलें. मुख्य वैमानिकाचे प्राण वांचले. चौकशींत दिसून आलें कीं, ती कांच नुकतीच बदलली होती, आणि ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट जाडीनें किंचित् कमी होते. फरक पाऊण मि. मी. हूनही कमी होता. काम करणारा मनुष्य अनुभवी होता. परंतु जुना बोल्ट हातांत धरून त्यानें नवे बोल्ट नजरेनें जुळविले, भागांचें पुस्तक उघडलें नाहीं.

५. क्रम आणि टप्पे

तबलजी तबला लावतांना एकाच बाजूस ठोकीत बसत नाहीं. एका घरावर ठोकतो, मग समोरच्या. पुन्हां फिरून पाहतो, आणि सर्व बाजूंनीं स्वर एक होईपर्यंत थोडें थोडें ताणतो. हेडचे बोल्टही असेच आवळावे. साधारणपणें मधल्या बोल्टापासून आरंभ करून आलटून-पालटून दोन्ही बाजूंस कडेकडे जावें. एंजिनाच्या पुस्तकांत क्रम दिलेला असतो, तोच पाळावा. पहिल्या फेरींत पिळाचा एक-तृतीयांश, दुसऱ्या फेरींत दोन-तृतीयांश व तिसऱ्या फेरींत पुरा, अशी साधी रीत आहे. एक कडा आधींच पुरी आवळली, तर हेड वांकडें बसतें व दुसऱ्या कडेस फट राहते. सोडतांना उलट क्रमानें, कडेकडून मध्याकडे, थोडें थोडें सोडावें. पुस्तकांत निराळें सांगितलें नसेल, तर हें काम एंजिन पुरें थंड असतांनाच करावें. कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें, आणि तापलेल्या भागावर मोजलेला पीळ थंड झाल्यावर खरा राहत नाहीं.

६. साधन आणि प्रयोग

पीळ मोजणारा पाना बाजारांत मिळतो. त्यावर आंकडा लावून मुठीच्या जागींच धरावा, सावकाश ओढावा, आणि ‘टक्’ असा पहिला आवाज होतांच थांबावें. खात्रीसाठीं दुसरा टक् करणें म्हणजे अधिक आवळणें होय. या पान्यानें बोल्ट सोडूं नये, आणि काम झाल्यावर आंकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, म्हणजे त्यांतील कमान थकत नाहीं. मापाचें नांवही नीट वाचावें. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, परंतु ५० फूट-पौंड म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. पुस्तकांतील फूट-पौंडांचा आंकडा न्यूटन-मीटर समजून लावला, तर पीळ चतुर्थांशाहून अधिक कमी पडतो.

हा पाना नसेल, तर शाळेंतील ताणकांट्यावर हाच नियम पाहतां येईल. बोल्टाच्या मध्यापासून बरोबर २५ सें. मी. वर पान्यास ताणकांटा अडकवा व पान्याशीं काटकोनांत ओढा. ५० न्यूटन-मीटर म्हणजे ५.१ किलोग्रॅम-मीटर, त्यास ०.२५ नें भागिलें असतां २०.४ येतात. म्हणजे कांटा २०.४ किलो दाखवील तेव्हां पीळ पुरा झाला. आतां नळी घालून दांडा १ मीटर करा आणि तितकेंच ओढा. पीळ चौपट, म्हणजे २०० न्यूटन-मीटर होईल. हातास दोन्ही वेळीं जोर सारखाच लागतो, म्हणून हात आपणांस सावध करीत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या हातानेंही त्यास सावध केलें नव्हतें.

आम्हीं दोघांनीं मिळून तें हेड पुन्हां उघडलें. गेलेल्या आट्यांचीं भोंकें मोठीं करून त्यांत नवे आटे पाडले व तारेच्या वेटोळ्याचे तयार आटे बसविले. बोल्टही योग्य खुणेचे आणले. या वेळीं मी नुसता उभा राहिलों नाहीं. तो पाना ओढी आणि मी आंकडा वाचून वहींत लिही. पुरा झालेल्या प्रत्येक बोल्टावर त्यानें पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे एकही राहून जाऊं नये. काम संपल्यावर त्या वृद्ध बाईंच्या मुलाकडे आम्ही दोघे गेलों आणि त्या रात्रीं गाडी कां बंद पडली तें त्यास सांगितलें.

आज त्या तरुणाचें स्वतःचें लहानसें दुकान आहे. पीळ मोजण्याचा पाना भिंतीवर फडक्यांत गुंडाळून टांगलेला असतो, आणि लांब नळी दुकानांत कोठें दिसत नाहीं. गिऱ्हाइकाच्या गाडीचा एखादा आटा गेला, तर तो त्याच वेळीं त्यास बोलावून दाखवितो. त्यामुळें कधीं कधीं बोलणीं खावीं लागतात, असें तो म्हणतो.

विद्यार्थिमित्रहो, सुटी लागण्यापूर्वीं ताणकांटा व पाना घेऊन वरील प्रयोग करा. प्रयोगशाळेंत १० मि. मी. चे दहा जुने बोल्ट मीं काढून ठेविले आहेत. प्रथम प्रत्येकानें अंदाजानें ‘पुरे’ वाटेल तितका ओढ घ्यावा आणि कांट्यावरील आंकडा लिहून ठेवावा, मग २०.४ किलोंवर थांबून पाहावें. दोन आंकड्यांत किती अंतर पडलें, तें मला वर्गांत येऊन सांगा.